समृद्धीवर जाताना १४.६, येताना १९.८! ॲव्हरेजचं हे गणित कोणी समजावेल का?

मानेवाडा_रिंगरोड
मंडळी, मे महिन्यात आईबाबांना आणि बायकोला घेऊन शिर्डीला जाऊन आलो. नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलो, क्रूझ कंट्रोल ११५ ला लावलं आणि मस्त गेलो. येताना आईला मळमळत होतं म्हणून बाबांनी गाडी घेतली आणि त्यांनी ८५ च्या वर काटा जाऊच दिला नाही, मी मागे बसून चुळबुळत होतो. दोन्हीकडे टाकी फुल टू फुल करून हिशोब लावला (वाटेत टाकलेलंही धरून) तर जाताना लिटरला १४.६ किमी आणि येताना १९.८. गाडी तीच पेट्रोल सेडान, माणसं तीच, एसी दोन्ही वेळा चालू. एका बाजूचं अंतर साधारण ५२० किमी, म्हणजे जाताना ९ लिटरच्या वर जास्त जाळलं.

मला आजवर वाटायचं की टॉप गिअरमध्ये गाडी जोरात नेली तर लवकर पोचतो, इंजिन कमी तास चालतं, म्हणजे पेट्रोल कमी लागायला हवं. चूक कुठे होतेय?

दुसरा प्रश्न बाबांबद्दल. त्यांनी वीस वर्षं कार्बोरेटरची फियाट चालवली आहे. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून उतार लागला की त्यांचा हात आपोआप गिअरवर जातो आणि गाडी न्यूट्रल. "उतारावर इंजिनाला कशाला पेट्रोल पाजायचं" हे त्यांचं वाक्य. मी नको म्हणतो, पण का नको ते मला सांगता येत नाही आणि मग ते ऐकत नाहीत.

आणि शहरात तर १३ च्या वर जातच नाही. मानेवाडा ते मिहान रोजचं येणंजाणं आहे.

खामला_कट्टा
आमच्याकडे सासुरवाडीला जाताना ६० आणि येताना १२०, त्यामुळे ॲव्हरेजची सरासरी बरोबर येते 😄

चॉकडस्टर
३१ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

तुमची चूक अगदी नेमक्या जागी आहे आणि ती बहुतेकांची होते. किलोमीटरमागे लागणारी ऊर्जा म्हणजे बळ गुणिले अंतर. त्यात वेळ येतच नाही! गाडी पुढे रेटायला किती बळ लागतंय एवढंच बघायचं. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना गाडीला मागे ओढणारे दोघं, एक टायरचं घर्षण आणि दुसरी हवा. टायरचं बळ वेग वाढला तरी जवळपास तेवढंच राहतं. हवेचं मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट तर हवेचा विरोध चौपट.

तुमच्यासारख्या गाडीचे अंदाजे आकडे देतो. माणसांसकट वजन १३०० किलो धरलं तर टायरचं बळ साधारण १५० न्यूटन. हवेचं ८० ला १९०, १०० ला ३०० आणि १२० ला ४३०. बेरीज करा, ३४०, ४५० आणि ५८०. म्हणजे ८० वरून १२० ला गेलात की दर किलोमीटरला १.७ पट जास्त ओढावं लागतं. तुम्ही म्हणता तसं इंजिन कमी तास चालतं हे खरं, पण लागणारी शक्ती म्हणजे बळ गुणिले वेग, ती हवेच्या बाबतीत वेगाच्या घनाने वाढते. वेळ वाचून त्यातला एक घात कटतो, वर्ग शिल्लक राहतोच.

कॉलेजात असताना मी वाडीहून सायकलने यायचो. मे महिन्यात परत जाताना समोरून लू (उन्हाळ्यातला गरम वारा) यायची, तेव्हा नेहमीच्या वीस मिनिटांच्या रस्त्याला पस्तीस मिनिटं लागायची आणि पोटऱ्या भरून यायच्या. हे सूत्र मला पुस्तकात नंतर भेटलं, अमरावती रोडवर आधी भेटलं होतं.

मानेवाडा_रिंगरोड
सर 🙏 "त्यात वेळ येतच नाही" वाचून डोक्यात ट्यूब पेटली. पण मग वेग जितका कमी तितकं चांगलं का? ४० ने शिर्डीला जायचं?

चॉकडस्टर
नाही, कारण इंजिन स्वतःला फिरवायलाही पेट्रोल खातं. आतलं घर्षण, पंप, अल्टरनेटर, एसी, हा सगळा खर्च ताशी असतो. फार हळू गेलात तर हा खर्च कमी किलोमीटरवर वाटला जातो. शिवाय पेट्रोल इंजिनाला अर्धवट उघड्या थ्रॉटलमधून (हवा आत सोडणाऱ्या झडपेतून) हवा ओढायला फार कष्ट पडतात, म्हणून हलक्या लोडवर त्याची कार्यक्षमता घसरते. हवेचा खर्च चढत जातो, ताशी खर्च उतरत जातो, दोन्हींची बेरीज जिथे सगळ्यात कमी तो वेग बऱ्याच गाड्यांत टॉप गिअरमध्ये ६० ते ८० च्या मधे कुठेतरी येतो. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनवाले ४५ ते ५५ सांगत आले आहेत. पाच गिअरच्या छोट्या गाडीला तो आकडाही चालतो, फक्त इंजिन गुदमरता कामा नये.

गिट्टीखदान_गॅरेज
सर बराबर सांगून राहिले. मी आता गॅरेजवाल्याच्या भाषेत सांगतो, बावीस वर्षं झाले हेच करून राहिलो.

नागपुरात उन्हाळा लागला का निम्मे लोकं टायरची हवा कमी करून आणतात. ३३ ची २६ करतात, म्हणे गरमीनं हवा फुगन आन टायर फुटन. भाऊ उलटं आहे! हवा कमी असली का टायर रस्त्यावर चपटा बसते, दर चक्कराला त्याची साइडवॉल दबते-उठते दबते-उठते, त्यातच तो तापते. समृद्धीवर १२० नं दोन तास तशी चालवली त मंग काय होईन ते सांगाची गरज नाही. सकाळी गाडी हललीच नसन तवा हवा चेक करा, दरवाज्याच्या पट्टीवर लिहून असते तेवढी भरा. चालून चालून ३३ ची ३७-३८ दिसन, ते कंपनीनं धरूनच ठेवलं असते, गरम टायरची हवा सोडू नका.

दुसरं, तुमचं शहरातलं १३ मले कमी वाटून राहिलं. एक काम करा. पाच-सात किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबू द्या, मंग खाली उतरून चारी चाकाच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. लावू नका, भाजन. एक चाक बाकीच्यापेक्षा जास्त तापलं असन त तिथं ब्रेक धरून राहिला आहे. असं चाक घेऊन लोकं सहा-सहा महिने फिरतात आन मंग इंजिनाले शिव्या देतात.

धंतोली_ते_कोराडी
गॅरेजभाऊंना +१. माझ्या गाडीचा पुढच्या उजव्या ब्रेकचा कॅलिपर असाच अडकला होता, सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये एका माणसाला गाडी ढकलवत नव्हती तेव्हा लक्षात आलं.

संत्राबर्फी
माझं कामठी रोडहून सीताबर्डीला रोजचं जाणं आहे, म्हणून शहराबद्दल लिहिते. मी दोन वर्षं वहीत नोंद ठेवली आहे. सगळे सांगतात हळू चालव. पण माझा अनुभव असा की हळू-जोरात हा मुद्दा शहरात तेवढा मोठा नाहीच, ब्रेक किती वेळा लागला हा मोठा आहे. आकाशवाणी चौकाकडून व्हरायटी चौकाकडे जाताना सिग्नलचे सेकंद दुरून दिसतात, लाल २५ दिसला की मी तिथेच पाय काढते. बाजूने लोक जोरात पुढे जातात आणि सिग्नलला कचकन थांबतात, मी मागून गिअरमध्येच सरकत येते आणि माझ्या पोचण्यापर्यंत हिरवा झालेला असतो. ज्या महिन्यात हे मनापासून केलं त्या महिन्यात १२.८ चं १५.१ झालं. गाडीत दुसरं काहीही बदललं नव्हतं.

चॉकडस्टर
संत्राबर्फीताई, तुमच्या वहीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. हिशोब बघा. ११५० किलोची गाडी ५० च्या वेगात आणली की तिच्यात साधारण १११ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठते. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास असते, पण शहरात त्यातली पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचली तरी पुष्कळ, बाकी सगळी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उडून जाते. म्हणजे शून्यावरून ५० ला यायला साधारण १७ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचं एक झाकण भरून! ब्रेक दाबला की ते झाकण तुम्ही ब्रेकच्या डिस्कवर ओतलंत, ती तापली आणि हवेत गेलं. साठेक वेळा असं झालं की लिटर संपला.

एक गैरसमज मात्र काढून टाका, मुंगीच्या पावलाने वेग वाढवला की पेट्रोल वाचतं असं नाही. मघाशी म्हटलं तसं इंजिन हलक्या लोडवर आळशी असतं. पाय बऱ्यापैकी द्यायचा, पण २००० आरपीएमच्या आसपास गिअर बदलत जायचं, लवकर वरच्या गिअरला यायचं आणि मग पाय हलका. वाया जातं ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळवण्यात.

भवानी_मंदिर_रोड
एसीचं कोणीच बोललं नाही? नागपुरात मे महिन्यात एसी बंद ठेवा म्हणणाऱ्याला मी दंडवत घालतो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ होतं, त्या दिवशी मी दुचाकीवर होतो, मला विचारा.

संत्राबर्फी
एसी बंद ठेवायची गरजच नाही. फक्त उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्याकेल्या काच बंद करून एसी चारवर टाकू नका. चारही दारं अर्धा मिनिट उघडी ठेवा, पहिले दोन चौक काचा खाली करून जा, आतली भट्टी निघून गेली की मग एसी. कॉम्प्रेसरला काम कमी. माझ्या डिस्प्लेवर उभ्या गाडीत एसीशिवाय तासाला ०.७ लिटर दिसतं आणि एसी लावला की एकच्या वर. हा तासाचा खर्च आहे, म्हणून गर्दीत त्याचा दणका जास्त बसतो आणि हायवेवर कमी. हायवेला काचा उघडून जाण्यापेक्षा एसी बरा, हवेचा विरोध वाढतो तो वेगळाच.

पेट्रोलपंप_चौक
हे सगळं ठीक, पण खरा चोर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. माझं ॲव्हरेज पडलं ते तेव्हापासूनच.

चॉकडस्टर
थोडा वाटा त्याचा आहे, नाकारायचं कारण नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. म्हणजे इथेनॉल ऊर्जेत एक तृतीयांशाने कमी. २० टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी कमी, पण हे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत. आधी १० टक्के होतंच, त्यावरून २० ला आलो तर फरक तीनेक टक्के. १५ देणाऱ्या गाडीचे साडेचौदा होतील. १५ चे ११ झाले असतील तर गॅरेजभाऊंकडे जा.

पेट्रोलपंप_चौक
माझे १५ चे १२ झालेत 😐 जातो बाप्पा.

फुटाळा_इव्ही
इव्हीवाल्याचं दोन पैशाचं मत. सरांचं वेगाच्या वर्गाचं गणित ज्याला डोळ्यांनी बघायचं असेल त्याने माझ्या गाडीत बसावं. ८० वर रेंज मस्त, ११० ला गेलो की टक्के डोळ्यासमोर उतरतात. मोटर कुठल्याही लोडवर जवळपास सारखीच कार्यक्षम, त्यामुळे हवेने जे खाल्लं ते जसंच्या तसं दिसतं. आणि ब्रेकवर ओतलेलं ते औषधाचं झाकण आमच्यात बरंचसं बाटलीत, म्हणजे बॅटरीत, परत जातं.

हिंगण्याचा_हेमाड
कंपनी २१ सांगते आणि आपल्याला १३, मग ते २१ कुठे मोजतात?

आकडेमोड
ती चाचणी एमआयडीसीवर होते.

हिंगण्याचा_हेमाड
मी एमआयडीसीतच राहतो हो, इथे तर ११ पण मिळत नाही!

आकडेमोड
😂 दादा, हिंगणा एमआयडीसी नाही. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. गाडी रस्त्यावर नसतेच, रोलरवर असते, साधारण वीस मिनिटं ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. शहराच्या भागात सरासरी ताशी १९ किमी आणि हायवेच्या भागात जास्तीत जास्त ९०. म्हणजे समृद्धीवरचे १२० त्या तक्त्यात नाहीतच. २१ चा उपयोग एका गाडीची दुसरीशी तुलना करायला, आपल्या खिशाच्या हिशोबाला नाही.

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. धागाकर्त्याचे १४.६ आणि १९.८ हे दोन्ही आकडे खरे मानले तरी त्यांची तुलना सरळ नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, शिर्डी पाचशेच्या आसपास. जाताना १३०० किलो वजन दोनशे मीटर वर चढवलंय, त्याला पाव लिटरच्या आसपास गेलं. ते किरकोळ. पण मे महिन्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. समोरून १० चा जरी वारा असला तरी काटा ११५ दाखवत असताना हवेच्या लेखी गाडी १२५ ने चाललीये. आणि येताना तोच वारा पाठीवर, म्हणजे ८५ चे ७५. सगळं श्रेय बाबांच्या पायाला देऊ नका. एकाच रस्त्यावर, पहाटे वारा पडलेला असताना, जाऊन-येऊन मोजा.

चॉकडस्टर
अगदी बरोबर. माझ्याकडून राहिलं, आणि लूची गोष्ट सांगूनही राहिलं.

मानेवाडा_रिंगरोड
मोजतोच. पण न्यूट्रलचं अजून कोणी सांगितलं नाही, घरी रोज वाद होतोय.

गिट्टीखदान_गॅरेज
बाबांचं त्यांच्या गाडीपुरतं बराबर होतं. कार्बोरेटरमधी इंजिन फिरलं का ते पेट्रोल ओढनच, म्हणून न्यूट्रल करून आरपीएम पाडायचे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीचं तसं नाही. गिअरमधी असताना पाय पूर्ण काढला का कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करून टाकते, इंजिनाले चाकं फिरवतात. पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं का चाकाचा संबंध तुटला, मंग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याले पेट्रोल द्यावंच लागते. म्हणजे वाचवाले गेले आन खर्च केला.

आकडेमोड
इथे थोडी असहमती. गिअरमध्ये पेट्रोल शून्य हे खरं, पण इंजिन गाडीला मागेही ओढतं, त्यामुळे वेग लवकर पडतो. पुढे रस्ता मोकळा असेल तर न्यूट्रलमध्ये गाडी बरीच लांब घरंगळते आणि निव्वळ भौतिकशास्त्र विचाराल तर कधीकधी तेच फायद्याचं ठरतं.

चॉकडस्टर
कागदावर मान्य. म्हणून दोन भाग करा. पुढे थांबायचंच आहे, सिग्नल आहे, वळण आहे, तर गिअरमध्येच पाय काढा, पेट्रोलही शून्य आणि ब्रेकही वाचतो. पुढे मोकळं आहे तर पाय पूर्ण न काढता अगदी हलका ठेवा, जेणेकरून वेग टिकेल. न्यूट्रलचा जो थोडा फायदा शिल्लक राहतो त्यासाठी गाडीवरचा ताबा सोडावा असं मला अजिबात वाटत नाही.

परतवाडा_घाट
सरांच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय. मी चिखलदऱ्याच्या घाटाखालचा. दर पावसाळ्यात घाट उतरताना ब्रेकचा जळका वास सोडत खाली आलेल्या गाड्या बघतो, आणि विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच, न्यूट्रलमध्ये उतरवली. काहीजण तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबात संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. चढताना सातशे मीटर चढायला जवळपास एक लिटर जास्तीचा लागलेला असतो, तो उतरताना वसूल करायची घाई होते. कृपा करून ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. पेट्रोल तसंही शून्यच लागतं.

संत्राबर्फी
हे वरती ठळक अक्षरात लावा कोणीतरी.

मानेवाडा_रिंगरोड
तीन आठवड्यांनी परत आलोय, सगळं करून.

समृद्धी: दोन रविवारी पहाटे साडेपाचला शिवमडक्याहून वर्ध्याच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन परत, चौघंच, एसी एकावर. पहिल्या रविवारी ८० ने, जाताना २०.९ येताना २२.४. दुसऱ्या रविवारी ११० ने, जाताना १५.७ येताना १७.१. म्हणजे वारा बाजूला काढूनही वेगाचा फरक पाच किलोमीटरच्या वर आहेच, आणि एकाच वेगाने जातायेताना दीड किलोमीटरचा फरक पडला तो चढ-वाऱ्याचा. सर आणि आकडेमोड दोघंही बरोबर. शिर्डीला आता ९० ने जायचं ठरलंय, सव्वा तास जास्त लागेल, आईला मळमळणार पण नाही.

चाकं: गॅरेजभाऊ, मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. बाकी तिन्ही कोमट होती. हँडब्रेकची केबल कडक होऊन अडकली होती, ती बदलली. शहरातली पहिली टाकी १४.३ आली. ताईंची सिग्नलची युक्ती अजून नीट जमत नाही, मागचे हॉर्न वाजवतात.

बाबा: परवा संध्याकाळी त्यांना घेऊन डबल डेकरवर गेलो. डिस्प्लेवर त्या क्षणाचं ॲव्हरेज लावलं. उताराला त्यांनी सवयीने न्यूट्रल केलं, वेग ५०, आकडा ७० च्या आसपास. बाबा म्हणाले बघ, ७० देतेय गाडी. मी म्हटलं फिरून येऊ, आता चौथ्या गिअरमध्येच ठेवा आणि पाय काढा. पुन्हा चढलो, उतार लागला, त्यांचा हात गिअरपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आकडा ९९.९ वर जाऊन बसला, त्याच्या पुढे डिस्प्लेत जागाच नाही. पूल संपेपर्यंत ते रस्ता आणि आकडा आळीपाळीने बघत होते. खाली आल्यावर म्हणाले, "अजून एकदा घे रे, वळव."

गिट्टीखदान_गॅरेज
बाबांले नमस्कार सांगा. आन दुसऱ्या बाजूची केबलही पाहून घ्या, एक कडक झाली का दुसरी पण होतेच.